वर पाटी, खाली आलेख

पेन्सिलीहून बारीक काचेची नळी, वीतभर लांब.

खडकी बाजारातली पाटी: "शुद्ध अत्तर. अल्कोहोल नाही. पुन्हा विचारू नये."

इतकं दांडगं चुंबक, की जवळ जाण्याआधी घड्याळ काढून ठेवावं लागतं.

लॅमिनेशन, दोन्ही बाजूंनी.

मेहजबीन एमएस्सीला होती आणि वर्गात एनएमआर, म्हणजे चुंबकानं रेणू वाचणं, नुकतंच सुरू झालं होतं. नमुना चुंबकात ठेवला की रेणूतले हायड्रोजन आपल्याला शेजारी किती ते सांगतात. शेजारी दोन, तर कागदावर तीन शेंडे. शेजारी तीन, तर चार.

"शेजाऱ्यांची मोजदाद?" तिचे अब्बा, अमीनभाई म्हणाले. "त्याला मशीन कशाला? समोरच्या दुकानात नाजिमा बसलेली असते की."

सरावासाठी घरातलं काहीही आणा, असं मॅडमनी सांगितलं होतं. मेहजबीननं अब्बांच्या अत्तराच्या दुकानातलं खस नेलं. नळी स्वतः विसळली, भरली. आलेखातल्या शेंड्यांच्या गर्दीत तिला एकच जोडी ओळखता आली: तीन आणि चार. तिनं लाल पेनानं बाण काढून "इथेनॉल" लिहिलं आणि अब्बांना फोटो पाठवला. ओळखता आल्याच्या आनंदात, ते अत्तरात काय करतंय, हा प्रश्न तिला पडलाच नाही.

अमीनभाईंनी तासाभरात प्रिंट काढली, लॅमिनेट केली आणि पाटीच्या बरोबर खाली टांगली. येईल त्याला सांगत, "मुलीनं काढलंय. आपल्या अत्तराच्या आतलं."

दुसऱ्या दिवशी रंगनाथ सर आले. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांनी आलेख वाचला, मग पाटी, मग पुन्हा आलेख.

"अमीनभाई, वर लिहिलंय, अल्कोहोल नाही. खाली लिहिलंय, आहे. आम्ही कुठपर्यंत वाचायचं?"

"म्हणजे?"

"इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच. पिणारे पितात ते."

दिवस शुक्रवारचा. नमाजाला निघालेली तीन गिऱ्हाइकं दुकानात होती. तिघांनी मनगट हुंगलं आणि हळूच रुमालाला पुसलं. उरलेल्या बाजाराला नाजिमानं कळवलं.

"दोन्हीतलं एक उतरवा," सर म्हणाले.

पाटी तीस वर्षांची होती. अमीनभाई स्टुलावर चढले आणि त्यांनी पाटी उतरवली.

मेहजबीन संध्याकाळी बाजारातून सगळं ऐकत आली ती दारातच थबकली. "अब्बा, कागद काढायचा ना."

"मुलगी एमएस्सी करतेय. पाटी रंगवणारा नववी नापास होता."

रात्रभर तिला झोप नाही. सोमवारी ती मॅडमपुढे उभी राहिली.

"नळी कशानं धुतलीस?"

"स्पिरिटनं."

"वाळवलीस किती वेळ?"

"पाच मिनिटं."

"आणि स्पिरिटमध्ये काय असतं, सांग बघू."

"इथेनॉल," मेहजबीन पुटपुटली. मग तिनं नवी नळी घेतली, ओव्हनमध्ये कोरडी केली, तेच खस भरलं. तीन-चारची जोडी गायब.

रंगनाथ सरांनी नवा आलेख बराच वेळ पाहिला. "ठीक आहे," म्हणाले. पुण्यात याला सत्कार म्हणतात. पाटी परत चढली, खाली नवा आलेख लागला. जुना मात्र अमीनभाई काढेनात.

"अहो, आता गिऱ्हाइकानं कुठला खरा मानायचा?"

"राहू दे सर. तिचा पहिला आहे." आणि त्यांनी त्याच्याखाली एक चिठ्ठी चिकटवली: "चूक नळीची. पुन्हा विचारू नये."

"पण नळी स्पिरिटनं विसळायची अक्कल हिला दिली कुणी?" सरांनी विचारलंच.

अमीनभाई एकाएकी बाटल्या पुसू लागले.

मेहजबीन सात वर्षांची असताना अमीनभाईंनी तिला शिकवलं होतं, की अत्तराची बाटली पाण्यानं नाही, स्पिरिटनं विसळायची, आणि मग दोन दिवस उन्हात पालथी ठेवायची.