रज्जाकभाईंचं तिरपं पातं

भातकुलीकडच्या एखाद्या वावरात रज्जाकभाईंचा ट्रॅक्टर उभा आहे आणि रज्जाकभाई दिसत नाहीत, असं झालं तर खाली पाहावं. ते ट्रॅक्टरमागं पालथे पडलेले असतात. गाल मातीला टेकलेला, एक डोळा मिटलेला, दुसरा मागच्या लोखंडी पात्यावर. एकदा एका वाटसरूनं घाबरून अॅम्ब्युलन्सलाच फोन लावला होता.

नाली काढायची तर पातं तिरपं लागतं, एक टोक खाली आणि एक वर. बाकीचे ट्रॅक्टरवाले हे एका बिडीत उरकतात. रज्जाकभाई हँडलला दोन फेरे देणार, उतरून पालथे पडणार, उठून एक फेरा मागं घेणार. "पात्याचा एक कान जमिनीकडे पायजे, एक आभायाकडे," हे त्यांचं म्हणणं.

माझ्या तुरीत दरसाल पाणी साचतं, म्हणून यंदा पेरणीआधी त्यांना बोलावलं. आठला आले. अकरापर्यंत पातंच लागत होतं. अर्ध्या बोटानं काय बिघडतं, असं मी भीतभीत विचारलं.

"सर, पोरगं काना इसरलं तं तुमी चालवून घेता काय?"

मी शाळेत मराठी शिकवतो.

नाली मात्र अशी उतरली, की कडा हातानं सारवल्यासारख्या. ती संपली धुऱ्यापाशी, दोन वावरांमधल्या बांधापाशी. धुऱ्याखाली त्यांच्या धाकट्या भावाचं, सत्तारभाईंचं वावर. दोघांत सहा वर्षांपासून अबोला. भांडण धुऱ्यावरच्या बाभळीवरून झालेलं. पुढं बाभूळ वादळात आपोआप पडली. अबोला तसाच उभा.

काम झालं असं समजून मी चहा सांगितला. पण रज्जाकभाई धुऱ्यावर पुन्हा पालथे. मग त्यांनी पातं दुसऱ्या अंगाला फिरवलं आणि धुऱ्याच्या कडेकडेनं थेट नाल्यापर्यंत आणखी एक नाली काढली. ती मी सांगितली नव्हती. ती नसती, तर माझ्या शेतातलं सगळं पाणी सत्तारभाईंच्या कपाशीत शिरलं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दिवस मावळला, चहा थंड झाला.

जाताना ते ट्रॅक्टरवरून वाकून हळूच म्हणाले, "मी काढली म्हनून त्याले सांगू नका, सर. बुजवून टाकन तो."

पुढं भरपावसात सत्तारभाई धुऱ्यावर भेटले. नाली कोणी काढली, विचारू लागले. अमरावतीहून एक जण आणला होता, असं मी ठोकून दिलं. ते खाली बसले. नालीच्या तिरप्या कडेवरून बराच वेळ तळहात फिरवत राहिले.

"त्या अमरावतीवाल्याले सांगजा," उठताना म्हणाले, "वावर कोरडं राह्यलं म्हनाव."