सुमनचा जावा बेटावरचा राजा

मी अन् माझी बायको सुमन, आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते चिंच फोडायचं. दुपारी ओसरीत बसून. मी शिरा ओढायचो, ती चिंचोके काढायची. चिंच हातात आली की सुमन त्या चिंचेलाच शाबासकी द्यायची, "साऱ्या राज्यात एवढी एकच शाहणी निंगाली."

हे राज्य जावा बेटावरचं, हजार वर्षांमागचं. सुमन चौथी पास. पण कॉलेजात पाणी द्यायची नोकरी, अन् स्टूल इतिहासाच्या वर्गाबाहेर. आतले सर दरसाल तोच धडा शिकवत. पोरं नापास व्हायची, हिला पाठ झाला.

"लग्नाच्या मांडवात दुश्मन आले पाहा. नवरदेव जंगलात पळाला. मंग तुकडा तुकडा जोडून राज्य उभं केलं. अन् म्हातारपणी दोन पोरांसाठी त्याचेच दोन तुकडे. मधली हद्द आखाले एक साधू आभाळातून लोट्यानं पाण्याची रेघ ओढत चालला, तं चिंचेत त्याचं धोतर अडकलं. झाडाले समजलं, राजाले नाही समजलं."

हे ऐकल्याशिवाय कोणाची सुटका नव्हती. गॅसवाला तर सिलिंडर खांद्यावरच ठेवून म्हणायचा, "मावशी, धोतर अडकलं तिथपर्यंत झालं हाय. पुढचं सांगा."

मला वाटायचं, बाई जरा सरकलेली आहे.

नंदनवन वस्तीतलं आमचं घर आम्ही एकेक खोली करून बांधलं. आता दोन्ही पोरांना वाटणी पाहिजे होती. मी कागद करून आणला. त्यात पोरीच्या सहीची जागा होती, हक्क सोडला म्हणून. आमच्याकडे बहिणी ती सही करतातच. त्या दुपारी मी सुमनला हे सांगितलं.

तिचा हात थांबला. "राजाले पोरगी बी होती. थोरली. गादी तिचीच होती. ती जंगलात निंगून गेली."

"स्वतःहून गेली ना?"

"सर तसंच सांगत. तिले कोणी इचारलं का, हे नाही सांगत." मग म्हणाली, "खाप्यात, माहेरी, मी बी स्वतःहूनच सही केली होती. भावायनं साडी देल्ली. मंग कोणी बोलावलंच नाही."

चाळीस वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलली. मी म्हटलं, "आता ते काहून काढून राहिली वं? हात चालव."

हेच माझं तिच्याशी शेवटचं बोलणं. चहा ठेवायला उठली अन् ओट्यापाशी पडली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. संध्याकाळीच घाटावर नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्या पोरानं कागद काढला. "बाबा, ताई आलीच हाय तं सही घेऊन टाकू. पुन्हा कुठी बोलावता तिले."

रडून सुजलेल्या डोळ्यांनी माझ्या पोरीनं, संगीतानं, पेन मागितला. पेन माझ्या खिशात होता. तो मी दिला नाही. तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"संगे, तुले काय पाहिजे?"

थोरला दारात पाय बदलत उभा. मी तिच्या उत्तरासाठी बसून राहिलो.