शनी, सात वाजून अकरा मिनिटांनी

सासऱ्यांना शनी दाखवायचा, असं नोंदरावांनी एका सोमवारी सकाळी दात घासता घासता ठरवलं. पुढे जे काही झालं त्याला तेच जबाबदार आहेत. शनी बिचारा आपल्या जागी होता.

नोंदराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या कचेरीत आवक-जावक विभागात ते कारकून. आलेलं पत्र वहीत नोंदवायचं, गेलेलं पत्र वहीत नोंदवायचं. एकवीस वर्षं हेच केल्यावर माणसाला दारात आलेला दूधवालाही नोंदवावासा वाटतो. गल्लीने त्यांना हे नाव ठेवलं आणि त्यांनी ते (मनातल्या मनात तारीख टाकून) स्वीकारलं.

सासरे म्हणजे वीज खात्यातले निवृत्त वायरमन. सगळी हयात खांबांवर चढण्यात गेलेली. बोलणं मोजकं आणि कौतुक तर त्याहून मोजकं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नोंदरावांनी उत्साहाच्या भरात सासरचा फ्यूज बदलला होता आणि अर्धी गल्ली अंधारात बुडवली होती. त्याला आता बारा वर्षं झाली. पण अजूनही जावयाने स्क्रू ड्रायव्हर नुसता उचलला, तरी सासरे शांतपणे म्हणत, "जावईबापू, तुम्ही बसा." बारा वर्षं नोंदराव बसून होते. त्यांना फार काही नको होतं हो. सासऱ्यांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, "वा" ऐकायचं होतं. हे त्यांनी बायकोला सांगितलं तेव्हा ती हसलीसुद्धा नाही. प्रकरण किती नाजूक होतं ते यावरून ओळखा.

दुर्बीण त्यांच्याकडे आली ती बदली होऊन गेलेल्या साहेबांची. सामान आवरताना साहेबांनी ती देऊन टाकली होती. लांब पांढरी नळी, तीन पायांचा स्टँड आणि सोबत कोणी न उघडलेलं माहितीपुस्तक. नोंदरावांनी ते तीनदा वाचलं. मग चार संध्याकाळी परसात मान वाकडी करून काढल्या, आणि पाचव्या संध्याकाळी, बरोबर सव्वासात वाजता, नळीत शनी सापडला. वाटाण्याएवढा, पिवळसर, आणि भोवती खरोखरची कडी. नोंदराव इतके हरखले, की आत जाऊन त्यांनी बायकोला हाताला धरून बाहेर आणलं. तिनेही पाहिलं आणि म्हणाली, "अय्या, खरंच आहे की हो."

आता दुसरा कोणी असता तर त्याने सासऱ्यांना बोलावून त्यांच्यासमोर पुन्हा शनी शोधला असता. पण नोंदराव कारकून. साहेब येण्याआधी फाइल उघडून, खूण घालून टेबलावर ठेवायची, ही त्यांची शिस्त. सासऱ्यांसमोर चाचपडताना "तुम्ही बसा" ऐकू आलं तर? त्यांनी नळीचे सगळे स्क्रू करकचून आवळले आणि स्टँडच्या तिन्ही पायांभोवती फरशीवर खडूने तीन गोल काढले. पुस्तकात लिहिलं होतं, की आकाशातली मंडळी रोज चार मिनिटं लवकर हजर होतात. म्हणजे उद्या सात वाजून अकरा मिनिटं. सासऱ्यांना फोनवर त्यांनी हीच वेळ सांगितली. सासऱ्यांना ती आवडली असावी, कारण त्यांनी "बरं" असं म्हटलं.

सासरे आणि सासूबाई सातलाच आले. नोंदरावांनी घरातले झाडून सगळे दिवे घालवले आणि परसात मिट्ट अंधार केला. सासूबाई दोनदा बादलीला अडखळल्या, पण शास्त्रासाठी एवढं सोसावंच लागतं. सात अकराला नोंदरावांनी नळीवरचं झाकण असं काढलं, की जणू पुतळ्याचं अनावरण आहे. आपण आधी डोकावलो आणि धक्का लागला तर सगळंच मुसळ केरात, म्हणून त्यांनी थेट सासूबाईंना पुढे केलं.

"दिसला," सासूबाई म्हणाल्या. "गोल आहे. कडी आहे. जरा डुलतोय."

नोंदरावांचा जीव भांड्यात पडला. डुलतो तो हवेच्या थरांमुळे, असं त्यांनी समजावून सांगितलं. सासूबाई म्हणाल्या की भोवती काहीतरी बारीक फिरतंय, भराभर. तो त्याचा चंद्र, नोंदराव म्हणाले, शनीला चंद्रांची काही कमी नाही. मग त्यांनी स्वतः डोळा लावला. कालच्यापेक्षा शनी चांगला लिंबाएवढा झाला होता, कडी ठसठशीत होती आणि एक चंद्र त्याच्याभोवती वेड्यासारख्या घिरट्या घालत होता. काल हाच शनी मिनिटभरात नळीतून निसटून गेला होता. आज मात्र दहा मिनिटं झाली तरी हलेना. सासऱ्यांचा मान ठेवून थांबलाय, असं नोंदरावांना वाटलं आणि त्यांना गहिवरून आलं. (माणूस शहाणा असतो, पण सासुरवाडीच्या माणसांसमोर नाही.)

शेवटी सासरे स्टुलावर बसले. एक डोळा मिटला, दुसरा नळीला लावला. एक मिनिट गेलं, मग दुसरं.

"वा," सासरे म्हणाले.

नोंदरावांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी अंधारातच बायकोचा हात दाबला. (तो सासूबाईंचा निघाला, पण त्यांनी मोठ्या मनाने काही म्हटलं नाही.)

"एकतीस वर्षं झाली," सासरे पुढे म्हणाले. "अजून तस्साच आहे. मीच लावलाय तो."

वडिलांना बरं वाटतंय ना, अशा काळजीने बायको पुढे सरकली.

"पाण्याच्या टाकीवरचा दिवा," सासऱ्यांनी खुलासा केला. "वरची थाळी मी स्वतः पत्र्याची कापली होती. एका बाजूला किनार दुमडलीय ना, ती माझीच खूण. उलटा दिसला तरी ओळखू येतो. पाखरं मात्र फार होतात त्याच्यावर."

नोंदरावांनी खाली वाकून काडी पेटवली. तिन्ही पाय खडूच्या तिन्ही गोलांत, अगदी बरोबर. मग शनीची टाकी झाली कशी? तेव्हा बायको हळूच म्हणाली, की दुपारी चादरी वाळत घालताना ती दुर्बीण आड येत होती म्हणून तिने उचलून बाजूला ठेवली होती. "पण परत ठेवताना तिन्ही पाय बरोबर गोलांत ठेवले हो. एकही बाहेर नाही."

खरंच नव्हता. पाय मात्र एकेका गोलाने सरकले होते आणि नळीचं तोंड टाकीकडे वळलं होतं. कुठला पाय कुठल्या गोलात, हे नोंदरावांनी लिहून ठेवलं नव्हतं. आयुष्यभर चिठ्ठ्याचपाट्यांवर क्रमांक टाकणाऱ्या माणसाने तीन गोलांवर एक, दोन, तीन टाकले नव्हते. ते मटकन पायरीवर बसले. या वेळी त्यांना कोणी बसायला सांगावंही लागलं नाही.

पण सासूबाईंना आता खरा शनी बघायचाच होता. त्यांनी हुकूम सोडला, तेव्हा नोंदराव उठले. त्यांनी स्टँड गोलांमधून फिरवून पुन्हा ठेवला. एवढ्यात शनी वर सरकला होता. स्क्रू ढिले करा, नळी वर करा, डावीकडे, अंहं, उजवीकडे, असं अर्धा तास चाललं. सासरे शेजारीच उभे होते. त्यांनी एकदाही "तुम्ही बसा" म्हटलं नाही. अखेर तो सापडला. वाटाण्याएवढा, स्वच्छ, कडीसकट.

सासरे पुन्हा स्टुलावर बसले. या वेळी ते बराच वेळ पाहत राहिले. शनी निसटला की जावई नळी जरा सरकवी आणि ते पुन्हा पाहत. सासूबाईंनी दोनदा हाक मारली, पण त्यांना ती ऐकू गेली नाही. तोंडावर असा भाव, की त्यांच्या लेकीनेही तो लहानपणानंतर पाहिला नव्हता.

"खांब नाही," ते अगदी हळू म्हणाले. "तार नाही. कुठे टेकूसुद्धा नाही. आणि बघा तरी, कसा ठेवलाय. वा."

आता मात्र शंकेला जागा नव्हती. नोंदरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बारा वर्षांचं सगळं भरून पावलं. अशा वेळी माणसाने नम्र व्हायला हवं, म्हणून ते नम्र झाले.

"कसचं, बाबा," ते म्हणाले. "त्यात माझं काय?"

"तेच तर म्हणतोय," सासरे नळीवरून डोळा न काढता म्हणाले. "तिथवर तुमचा हात पोचत नाही, म्हणून चालू आहे."