विलासरावांचा गुप्त उपवास

राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन चर्चमधून परतताना विलासराव आढावांनी रिक्षातच ठरवून टाकलं, की या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात चहा बंद. ईस्टरपर्यंत एक घोटसुद्धा नाही. आणि ही गोष्ट कुणाला म्हणजे कुणालाही कळू द्यायची नाही.

न कळू देण्यामागे कारण होतं. गेल्या वर्षी त्यांनी मटण सोडलं होतं आणि भेटेल त्याला ते सांगत सुटले होते. तेव्हा त्यांची बायको नंदाताई म्हणाल्या होत्या, "अहो, उपवास पोटानं करायचा असतो. तुमचा सगळा तोंडानं चाललाय." नंदाताईंचं बोलणं असंच. चार शब्दांचं, पण चार दिवस टोचत राहणारं. त्यात आज पाळक दयालसाहेबांनीही प्रवचनात तेच सांगितलं, की उपवास देवाला कळला की पुरे, शेजाऱ्याला कळायची गरज नाही.

विलासराव नगरहून रेल्वेच्या नोकरीपायी उज्जैनला आले, मालगाडीचे गार्ड म्हणून सगळी हयात काढली आणि निवृत्त होऊन नानाखेड्याला घर बांधून राहिले. गार्डाच्या डब्यातल्या थंडीत त्यांना दोघांनीच सोबत केली होती, प्रभूनं आणि चहानं. आता एकासाठी दुसऱ्याला सोडायचं होतं. पहिले दोन दिवस डोकं असं ठणकलं की भिंतीवरचं कॅलेंडर दोन-दोन दिसायला लागलं. पण गडी हटला नाही.

खरी अडचण सकाळच्या फिरण्यानंतर आली. शेजारचे बापू आणि ते रोज बसस्टँडसमोर पोहे खात आणि वर चहा घेत. बापूंच्या कितीतरी पिढ्या उज्जैनमध्ये गेलेल्या. त्यांची मराठी निम्मी हिंदीतच चाले.

"काय आढावसाहेब, चाय नाही? पोहे सूखे-सूखे कसे उतरणार? कट तरी घ्या, आधा कप!"

"नको. जरा... ऍसिडिटी झालीय."

हे धादांत खोटं नव्हे, असं विलासरावांनी मनाला समजावलं. गेल्या दिवाळीत एकदा झाली होती. घरी नंदाताईंनाही त्यांनी तेच सांगितलं.

बापूंनी घरी जाऊन सुनेला, मानसीला सांगितलं की आढावसाहेबांचं पोट बिघडलंय. मानसीनं जिरे-ओव्याचा काढा करून आणला आणि समोर उभं राहून प्यायला लावला. काढा इतका कडू होता की विलासरावांचा चेहरा वाकडा झाला. तो पाहून मानसीची खात्रीच पटली. "काकाजींना तर बहुत दर्द आहे," असं तिनं कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं. संध्याकाळपर्यंत बातमी इंदूरला मुलाकडे, अनिकेतकडे पोचली. तोवर ऍसिडिटीचा अल्सर झाला होता.

रविवारी दयालसाहेबांनी वेदीसमोर उभं राहून आढावभाईंच्या पोटासाठी लांबलचक प्रार्थना केली. सगळी मंडळी डोळे मिटून 'आमेन' म्हणाली. त्याच संध्याकाळी बापूंनी रामघाटावर त्यांच्या नावानं दिवा सोडला आणि त्याचा फोटो पाठवला. न झालेल्या एका आजारासाठी दोन धर्म कामाला लागले होते. विलासराव शरमेनं अर्धे झाले. पण आता खरं सांगावं, तर उपवासाचा डंका पुन्हा साऱ्या गावात वाजणार. "काहीही होवो," ते मनाशी म्हणाले, "तोंड उघडायचं नाही."

अशात त्यांच्या लक्षात एक भयंकर गोष्ट आली. नंदाताई त्यांना बोलेनाशा झाल्या होत्या. म्हणजे बोलत होत्या, पण गोड बोलत होत्या. ओला टॉवेल पलंगावर पडला, तर मुकाट्यानं उचलून वाळत घातला. संध्याकाळी दोघं ल्युडो खेळायला बसत. त्यात विलासरावांनी हवा तो आकडा पडेना म्हणून फासा सरळ दुसऱ्यांदा टाकला. नंदाताईंनी पाहिलं आणि नुसत्या हसल्या. एरवी एवढ्यावर त्यांनी नगरच्या सासरपर्यंतचा सगळा उद्धार केला असता.

विलासरावांनी रात्रभर हिशेब मांडला. माणूस बायकोला असा गोड कधी लागतो? अनिकेतनं कुठल्या डॉक्टरला विचारून तिला एकटीला काही कळवलं असेल तेव्हाच! परवाच तो फोनवर "बाबा, तुम्ही फक्त आनंदात राहा" म्हणाला होता. त्या विचारानं त्यांना खरोखरच जळजळायला लागलं.

शनिवारी सकाळी अनिकेत गाडी घेऊन आला आणि दोघांना देवास गेटजवळच्या एका दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर मधुरा तरुण होत्या, हसऱ्या होत्या.

"काका, घाबरायचं नाही. घशातून नळी घालून पोट आतून बघू. पाच मिनिटांचं काम."

विलासरावांनी नळी पाहिली. चांगली बोटभर जाड. प्रभूनं क्रूस सोसला, आपण नळी सोसू, असं म्हणून ते बाकावर ताठ बसून राहिले. पण नर्सनं नाव पुकारलं तेव्हा त्यांनी नंदाताईंचा हात घट्ट धरला.

"नंदा, खरं सांग. डॉक्टरांनी तुला काय सांगितलंय? किती दिवस आहेत माझे?"

"अहो, भलतंच काय! कुणी काही सांगितलं नाही."

"मग मला बोलत का नाहीस? फासा मी दोनदा टाकला, तू पाहिलंस. मरणाऱ्या माणसालाच असं सोडून देतात."

नंदाताईंनी इकडेतिकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाल्या, "सांगायचं नव्हतं मला. उपवासकाळ आहे ना. मी तुम्हाला टोचून बोलणं सोडलंय. ईस्टरपर्यंत."

चहा सोडणं अवघड होतं हे खरं, पण नंदानं जे सोडलं होतं त्यापुढे चहा म्हणजे काहीच नव्हतं. आता गप्प राहणं विलासरावांना पाप वाटलं.

"माझं पोट ठणठणीत आहे," ते म्हणाले. "मी चहा सोडलाय. तोही ईस्टरपर्यंत."

नंदाताईंनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. कपाळाची शीर टरारून फुगली. पण बाई मोठ्या हिमतीच्या. आलेलं वाक्य त्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाकलं. ओरडला तो अनिकेत. "बाबा! मी ऑफिसला सुट्टी टाकून आलोय!" डॉक्टर मधुरा हसत हसत नळी घेऊन आत गेल्या.

इतक्यात विलासरावांना धीर द्यायला बापू आणि दयालसाहेब एकाच स्कूटरवरून येऊन पोचले. सारी हकीकत ऐकून बापूंनी कपाळाला हात लावला, पण दयालसाहेब मात्र नवलानं म्हणाले, "अरे आढावभाई, आप लोग इतवार को भी उपवास रखते हैं? इतवार तो इसमें गिना ही नहीं जाता! वह तो प्रभु के जी उठने का दिन है, खुशी का दिन!"

नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं.

"उद्या रविवार," नंदाताई हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चर्चमधून आल्या आल्या नंदाताईंनी पातेलंभर चहा उकळला, आलं ठेचून घातलं, विलासरावांच्या हातात कप दिला आणि समोर खुर्ची ओढून पदर खोचला. विलासरावांनी पहिला घोट घेतला. नंदाताईंनी पहिलं वाक्य टाकलं. दोन्ही कडक होती.

मग त्या बोलत राहिल्या. विलासराव एरवी अशा वेळी पेपर तोंडासमोर धरत. आज त्यांनी एक शब्द खाली पडू दिला नाही. आपण चांगले धडधाकट आहोत, पुष्कळ जगणार आहोत, हे त्यांना प्रत्येक वाक्यागणिक अधिकाधिक पटत गेलं.

पातेलं रिकामं झालं तशा नंदाताई श्वास घ्यायला थांबल्या.

"संपलं?" विलासरावांनी काळजीनं विचारलं.

"संपतंय कसलं? रविवार रात्री बारापर्यंत असतो."

"मग अजून थोडा चहा टाक," विलासराव खुर्चीत नीट सावरून बसत म्हणाले.