दुसरा उमेदवार

ताईच्या हातात पदवी पडून बरेच महिने झाले होते आणि प्रत्येक महिना आधीच्यापेक्षा रडका निघाला होता. तिला एआय धोरण संशोधनात जायचं होतं. ते म्हणजे नेमकं काय, हे घरात समजावता समजावता तिच्या तोंडाला फेस आला होता.

“म्हणजे तू कॉम्प्युटर दुरुस्त करणार?” बाबांनी विचारलं.

“नाही हो बाबा! कॉम्प्युटरनं काय करायचं नाही, याचे नियम ठरवायचे.”

“आणि तो ऐकणार?”

ताई मुलाखतीच्या तयारीला लागली.

आजची मुलाखत हुकली तर सोमवारपासून मामाच्या पडद्यांच्या दुकानात बसायचं, असं ठरलं होतं. मामाने तर तिच्यासाठी खुर्चीसुद्धा पुसून ठेवली होती.

मुलाखत घरबसल्या, लॅपटॉपवर, आणि घेणारं यंत्रच. लॅपटॉपच्या बॅटरीने कधीच मान टाकली होती, म्हणून तो वायरीवर जगायचा. वायर हातभर, आणि धड चालणारा प्लग अख्ख्या घरात एकच, तोही आजोबांच्या फोटोखाली. ताई भिंतीला पाठ टेकून बसली. चेहऱ्यावर उसनं हसू.

“दुसरी व्यक्ती दिसत आहे,” यंत्र म्हणालं. “कृपया एकटे बसा.”

आई स्वयंपाकघरात, बाबा गॅलरीत. मग दुसरी व्यक्ती कोण? दारातून धाकटीचं डोकं आत आलं.

“ताई, अगं आजोबा!”

आजोबांना जाऊन वर्षं लोटली होती. ओळखपत्रावरचा त्यांचा फोटो मोठा करून घेतलेला, त्यामुळे नजर अगदी सरळ समोर. आजोबा सुतार होते. फोटोची ही चौकट त्यांनी हयातीतच भिंतीत ठोकून ठेवली होती, आणि आजोबांनी ठोकलेलं काही आजवर निघालं नव्हतं. ताईने ओढलं, बाबांनी ओढलं. भिंतीचा पोपडा हातात आला, आजोबा जागचे हलले नाहीत.

“टॉवेल टाका!” आई आतून ओरडली.

टॉवेल टाकला.

“दुसऱ्या व्यक्तीने चेहरा झाकला आहे,” यंत्र कडक आवाजात म्हणालं. “चेहरा न दाखवल्यास मुलाखत रद्द होईल.”

“काढा, काढा तो टॉवेल!” ताई किंचाळली.

“सहकार्याबद्दल धन्यवाद. पहिला प्रश्न. यंत्राने चूक केली तर दाद कोणाकडे मागावी?”

याच विषयावर ताईने कॉलेजात रात्रंदिवस घासून अभ्यास केला होता. पण आता तिचं निम्मं लक्ष मागे. ती अडखळली, वळली, घाम पुसला, कशीबशी म्हणाली, “माणसाकडे. निर्णय फिरवायचा अधिकार असलेला एक तरी माणूस हवाच.”

निकाल तिथल्या तिथे लागला. धाकटीने तो मोठ्याने वाचायला घेतला आणि वाचता वाचता तिचा आवाज बसत गेला.

“उमेदवार पहिला: नजर अस्थिर, आत्मविश्वास कमी. नामंजूर. उमेदवार दुसरा: नजर स्थिर, वृत्ती शांत, उत्तर देण्याची घाई नाही. निवड झाली आहे.”

ताईने लगेच मुलाखत ठेवणाऱ्या संस्थेला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा त्या हसल्याही, पण लगेच सावरल्या.

“चूक दिसतेय गं मला, पण यंत्राचा निर्णय आम्हाला बदलता येत नाही.”

“का नाही येत?”

“तो कोणी आणि कसा बदलायचा, याचा नियमच अजून नाही.”

“मग करा ना नियम!”

“करणारच आहोत. त्यासाठी तर ही भरती काढलीये.”

ताईने फोन ठेवला. बाबांनी घसा खाकरला.

“मग... रुजू कधी व्हायचंय त्यांना?”

“सोमवारी,” धाकटीने लॅपटॉपवर बघून सांगितलं.

सोमवारी ताई डबा घेऊन मामाच्या दुकानाकडे निघाली. आई टॉवेलने फोटोची काच पुसत होती, आणि जरा जास्तच जोर लावून पुसत होती. चपला घालता घालता ताईने वर पाहिलं.

“अभिनंदन, आजोबा.”

आजोबांनी नजर ढळू दिली नाही, की उत्तराची घाई केली नाही.