भाऊ देवस्थळींची इरकल

“डेव्ह! तू बाप्या आहेस! फ्रॉक घातलेला बाप्या! बाप्यासारखा चाल!”

पॅम ओरडत होती. पॅम आमची दिग्दर्शिका. वय चौऱ्याहत्तर, उंची पावणेपाच फूट. चाळीस वर्षं शाळेत पीटी शिकवल्यामुळे आवाज असा, की ती आमच्या हेन्डरसन उपनगरातल्या हॉलमध्ये ओरडली की समुद्रापलीकडे सिडनीतली माणसं वळून “आम्हाला म्हणालात का?” असं विचारतात. ती अर्थातच इंग्रजीत ओरडत होती. मी मराठी केलंय आणि करताना मूळ वाक्यातले दोन शब्द गाळलेत. हे लिखाण माझ्या सासूबाई वाचतात.

डेव्ह म्हणजे आमचे भाऊ देवस्थळी. ‘देवस्थळी’ म्हणताना इथल्या लोकांच्या जिभेला गाठ बसते, म्हणून डेव्ह. भाऊ त्या वेळी उजव्या विंगेतून स्टेजवर येत होते. अंगावर हिरवी इरकल, दोन्ही खांद्यांवरून पदर, डाव्या कमरेवर दुधाची बादली, नजर जमिनीकडे. काय ती चाल! मी त्या दृश्यात गाय होतो, तरी मला उठून “या वहिनी, बसा” म्हणावंसं वाटलं.

भाऊंनी बादली खाली ठेवली. चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा लावला आणि त्याच्यावरून पॅमकडे पाहिलं.

“स्त्रीपार्ट म्हणजे सोंग नव्हे,” ते शांतपणे म्हणाले. मराठीत.

“काय म्हणाला तो?” पॅमनं गाईला विचारलं. गाईच्या मागच्या पायांनी भाषांतर केलं.

आता गाईचा खुलासा आधी करतो. इथे जुलैच्या शाळेच्या सुट्टीत हौशी मंडळी पँटोमाइम बसवतात. मला आधी वाटलं, मूकनाट्य असेल, पाठांतर नाही, हो म्हणून टाकलं. प्रत्यक्षात एवढा गोंगाट मी लग्नाच्या पंगतीतही ऐकलेला नाही. गाणी, पाठलाग, तोंडावर फेकलेलं क्रीम, खलनायक आला की प्रेक्षकांनी “बूऽऽ” करायचं, तो कुणाच्या मागे उभा राहिला की पोरांनी “मागे बघ! मागे!” म्हणून घसे फोडायचे. यात एक म्हातारी असतेच, आणि ती पुरुषानंच करायची. रांगडा, दाढीचे खुंट दिसणारा, भडक फ्रॉकवाला पुरुष. आणि एक गाय असते. तिच्यात दोन माणसं. पुढचे पाय सिओने नावाचा सामोअन बसड्रायव्हर, सहा फूट चार इंच. मागचे पाय मी, पाच फूट तीन. त्यामुळे आमची गाय कायम डोंगर चढत असल्यासारखी दिसे. मला सगळं नाटक शेपटीच्या मुळाशी असलेल्या भोकातून दिसायचं. पुढे जे सांगतो आहे ते त्या भोकातून पाहिलेलं आहे, म्हणजे डोळ्यांदेखत.

तर भाऊ. भाऊ फार्मासिस्ट आहेत. आमच्या शेजारच्या घरात राहतात आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर ‘जेवणानंतर’ हे असतं. लॉन कधी कापायचं? जेवणानंतर. सरकार बदलेल का? “बघू, जेवणानंतर.” एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात पडद्यानं पेट घेतला, मी कुंपणावरून ओरडलो, तर आतून “जेवणानंतर!” असं ऐकू आल्याचं मी शपथेवर सांगतो. भाऊ म्हणतात, ते “या नंतर” म्हणाले होते. असो.

दुसरा छंद लेबलांचा. त्यांनी घरी औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं छापायचं एक जुनं यंत्र आणून ठेवलंय. तूरडाळीच्या डब्यावर ‘वापरण्यापूर्वी निवडावी’. लोणच्याच्या बरणीवर ‘अतिसेवन टाळा’. पायपुसण्यावर ‘फक्त बाह्य वापरासाठी’. आणि प्रत्येक लेबलावर मुदत. डाळ समजू शकतो, पण छत्रीवर? मी विचारलं, तर म्हणाले, “जगात मुदत नसलेली वस्तू नाही.” मी एकदा त्यांच्याकडे दुपारी सोफ्यावर डुलकी काढली, जागा झालो तेव्हा माझ्या खिशावर लेबल होतं. ‘हलवून उठवा. पाचच्या आत संपवावे.’

तर पॅमनं भाऊंना म्हातारीचं काम दिलं ते त्यांचा आवाज चढा होता म्हणून. तिला काय ठाऊक की ती बारुदाच्या कोठारात काडी टाकतेय! भाऊंचे चुलत आजोबा सांगलीकडच्या एका नाटक मंडळीत स्त्रीपार्टी होते. त्यांचा पदर पाहून गावातल्या बायका आपले पदर सुधारून घ्यायच्या म्हणे. भाऊंच्या सांगण्यावर गेलात तर अर्ध्या दक्षिण महाराष्ट्राला साडी नेसायला त्यांनीच शिकवलं. त्यामुळे पॅमनं जेव्हा केशरी ठिपक्यांचा फ्रॉक, पिवळा विग आणि छातीत घालायला दोन फुगे पुढे केले, तेव्हा भाऊंनी ते फुगे दोन बोटांत असे धरले, जसं कुणी त्यांना मुदत संपलेलं इन्सुलिन दिलंय.

“हे अश्लील आहे,” ते म्हणाले, आणि पुढच्या रविवारी तालमीला इरकल घेऊन आले.

चार रविवार झाले. भाऊंची म्हातारी सुंदर होत गेली. अदबीनं चालायची, गाईच्या पाठीवरून हात फिरवायची (त्या वेळी मागचे पायसुद्धा सद्गदित व्हायचे), खलनायक सरदार गाय ओढून न्यायला आला की डोळ्याला पदर लावायची. हॉलचा झाडूवाला तर एकदा हुंदका देऊन बाहेर गेला. पण हसलं कुणीच नाही. एकदाही नाही. विनोदी नाटकात मुख्य विनोदी पात्रानं सगळ्या हॉलला रडवणं हे पॅमला आयुष्यात प्रथमच पाहायला मिळत होतं.

शेवटी तिनं सांगून टाकलं. पहिला प्रयोग शनिवारी दुपारी. मध्यंतरापर्यंत प्रेक्षक हसले नाहीत, तर मध्यंतरानंतर फ्रॉक आणि फुगे कीथला. कीथ हार्डवेअरच्या दुकानात होता, त्याला हातभर मिशी होती आणि तो त्या फुग्यांकडे चार आठवडे आशेनं पाहत होता.

भाऊंचा चेहरा पडला. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण असा पडलेला चेहरा फक्त वहिनींना विमानतळावर सोडून आले त्या दिवशी पाहिला होता. मंगलवहिनी पुण्याला गेल्या त्या सहा आठवड्यांसाठी. त्यांच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं. आई एक्याण्णव वर्षांची, घरात दुसरं कुणी नाही. सहा आठवड्यांचे चौदा महिने झाले. “बरंच आहे,” भाऊ सगळ्यांना सांगायचे, “रिमोट माझ्या हातात आला.” रोज दोघं फोनवर पाच मिनिटं बोलत. इकडचा पाऊस, तिकडचा पाऊस, आईंचं बीपी. संपलं.

शुक्रवारी मी फ्रॉक घेऊन त्यांच्याकडे गेलो. “भाऊ, एक दिवस घाला हो. काम जाईल नाहीतर.”

“जेवणानंतर बोलू.”

“जेवण झालंय तुमचं!”

“मग उद्याच्या.” ते चहा टाकायला आत गेले. “तो फ्रॉक कपाटात टाका तिथे.”

मी कपाट उघडलं. वरच्या खणात इरकल नीट घडी करून पारदर्शक पिशवीत ठेवलेली. पिशवीवर लेबल.

‘मंगल. इरकल. थंड व कोरड्या जागी ठेवावी. धुऊ नये.’

खाली ‘मुदत’ छापलेलं होतं. पुढची जागा कोरी.

मी कपाट लावलं. चहा प्यायलो. फ्रॉकचा विषय काढला नाही. घरी येऊन विद्याला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीला, सांगितलं.

“चष्मा पदराला पुसून वरून बघतात?” तिनं विचारलं.

“हो.”

“बादली डाव्या कमरेवर? बोलताना मान जरा तिरकी?”

“अगदी. का?”

“अहो, तुम्हाला डोळे कशाला दिलेत? ती मंगलवहिनी आहे. रविवारच्या तालमीचे दोन तास ते त्यांना परत घेऊन येतात. आणि तुम्ही सगळे म्हणताय, त्यांच्यावर हसू द्या.”



शनिवार. बाहेर असा पाऊस की कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्यानं म्हणे दूध होडीतून पोचवलं. हॉल खच्चून भरलेला. विद्यानं अर्धं मराठी मंडळ गोळा करून आणलं होतं. ही मंडळी फारच सुसंस्कृत. खलनायक आला, पोरं “बूऽऽ” करू लागली, तर आमच्या जोशीकाकूंनी आपल्या नातवाला चिमटा काढला. “मोठ्यांना असं करतात?” भाऊ आले, तेव्हा तर तीन बायका नकळत सरकून बसल्या, त्यांना जागा करून द्यायला.

पण हशा? नाव नको. क्रीम उडालं, गाय नाचली, सिओने डावीकडे आणि मी उजवीकडे नाचलो, तेवढं हसले. भाऊ आले की हॉल देवळासारखा शांत. विंगेत कीथ फुगे फुगवायला लागला. मला भोकातून दिसत होतं. एक फुगलासुद्धा.

मध्यंतराला तीन मिनिटं उरली. प्रसंग असा की म्हातारी ओसरी झाडून पुसून घेते आणि सरदार गाय न्यायला येतो. भाऊंनी स्टेज पुसलं. नाटकापुरतं नव्हे, खरं पुसलं, कोपऱ्यांसकट. सरदाराचं काम गॅरीकडे होतं. गॅरी प्लंबर, शहराच्या दुसऱ्या टोकाला मनुरेवात एक तुंबलेलं गटार उपसून थेट आलेला, उशीर झालेला, बूट बदलायला वेळ नाही. तो आला तो गमबूट घालून. थप्, थप्, थप्. पुसलेल्या स्टेजवर चिखलाचे सहा ठसे.

“द काऊ इज माइन!” गॅरी गरजला.

भाऊंनी ठशांकडे पाहिलं. चष्मा काढला. पदराला पुसला. लावला. आणि मग जे झालं ते संहितेत नव्हतं.

“आत्ता पुसलंय ना ते!”

गॅरी थांबला.

“आत्ता! पुसलंय! दिसत नाही? डोळे आहेत का काय? दाराशी पायपुसणं कशाला ठेवलंय, शोभेला? सकाळपासून कंबरेचा काटा ढिला झाला आणि हे आले, घोड्यासारखे! नको, नको, मागे नको जाऊ, मागेपण पुसलंय! तिथेच उभा राहा! एक पाय वर! वर म्हणते ना!”

गॅरीला मराठीचा गंध नाही. पण त्यानं पाय वर केला. दोन लग्नं झालेला माणूस, त्याला कुठल्याही भाषेतलं कळलं.

पहिल्यांदा हसली ती मधल्या रांगेतली एक आडदांड गोरी बाई. तिनं शेजारच्या नवऱ्याला कोपरानं असं ढोसलं की तो खुर्चीसकट सरकला. मग विद्या. मग जोशीकाकू. मग अख्खा हॉल. बायका डोळे पुसत होत्या, नवरे आपापल्या बुटांकडे बघत होते. छपराचे पत्रे दोन इंच उचलले गेले आणि पुन्हा बसले, पावसाचे चार थेंब आत आले, ते मी स्वतः झेललेत. सिओने असा हसला की गाय पुढून कोसळली. आडवा पडून मी भोकातून पाहत होतो. भाऊ हसत नव्हते. कमरेवर हात ठेवून उभे होते, मान जरा तिरकी, आणि एका पायावर उभ्या गॅरीला दम देत होते, “हसण्यासारखं काय आहे यात?” पण चेहरा असा उजळला होता, जसं कुणी बऱ्याच दिवसांनी घरी आलंय.

विंगेत कीथच्या हातातला फुगा सुटला आणि सुंऽऽ करत पॅमच्या डोक्यावरून गेला. पॅमनं वर पाहिलंसुद्धा नाही. ती रडत होती. म्हणजे हसून.

प्रयोग संपल्यावर विद्यानं काढलेला व्हिडिओ मी मंगलवहिनींना पाठवला आणि दहा मिनिटांनी फोन केला. पुण्यात सकाळ होती. मागे कुकरची शिट्टी झाली.

“मी एवढी ओरडते?” वहिनींनी विचारलं.

“छे हो वहिनी, नाटकात जरा वाढवून...”

“वाढवून नाही. एवढीच ओरडते.” आणि लगेच पुढे म्हणाल्या, “पदर बरा घेतलाय. आईलाही व्हिडिओ दाखवला. ती म्हणाली, ‘अगं, तू तिकडे कधी गेलीस?’” मग नाक ओढल्यासारखा आवाज आला, की कुकरचा होता कोण जाणे. “बरं, ती इरकल खरी आहे. मशीनमध्ये टाकू नका म्हणावं. हातानं धुवा, सावलीत वाळवा.”

मी मेकअपच्या खोलीत गेलो. भाऊ इरकल नेसूनच बसले होते, गॅरीनं आणलेले चिप्स खात होते आणि त्याला पायपुसण्याचं महत्त्व इंग्रजीत समजावत होते. वहिनींचा निरोप मी शब्दशः सांगितला. हातानं धुवा, सावलीत वाळवा.

भाऊंनी एक चिप तोंडात टाकली, बोटं रुमालाला पुसली. पदराला नाही.

“अजून पाच प्रयोग आहेत,” ते म्हणाले.