सात दिवसांची तराई

सून खुशबू पुण्याहून फोनवर सहज बोलून गेली, "बाबा, तिथं येगळी खोली नाही नं, म्हणून राहाले अवघड होते," आणि लाखनीच्या कृष्णरावांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, दिवाळीच्या आत खोली काढायची. बायको बेबीबाई गेल्या त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून घरात बोलणारा एक टीव्हीच काय तो उरला होता. (तोही त्यांचं ऐकून घेत नसे.)

शहापूरच्या कैलाश मिस्त्रीने दोन दिवसांत हॉलच्या मधोमध जिप्सम बोर्डाची भिंत उभी केली. आता टेक्स्चर तेवढं राहिलं.

"ते मी करतो," कृष्णराव म्हणाले. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला होता. शिवाय तीस वर्षं ऑफिसात बांधकामाच्या फायली हाताळल्या होत्या. (म्हणजे या टेबलावरून त्या टेबलावर नेल्या होत्या.)

"काका, जमन का तुमाले?"

"काहून नाही जमन? माह्या मायनं जिंदगीभर भिती सारवल्या!"

आणि खरंच जमलं. ओल्या पुट्टीत बोटं फिरवून त्यांनी सारवणासारखी अर्धवर्तुळं ओढली. नातीसाठी कोपऱ्यात मोर काढला. तो बदकावर गेला, पण खुशीत दिसत होता.

मग तराई. नव्या भिंतीला सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं असतं, हे कृष्णरावांना लहानपणापासून ठाऊक होतं. या भिंतीला बाहेरून नुसता कागद असतो, हे मात्र ठाऊक नव्हतं. बादली आणि मग घेऊन त्यांनी भिंतीची सेवा आरंभली. पाणी मारता मारता ते तिच्याशी बोलूही लागले. "प्रविण इकडे झोपन. पोट्टी खिडकीपाशी." भिंत मुकाट ऐकायची. इतकं बरं वाटायचं की दोन-चार मग जास्तच पडायचे.

तिसऱ्या दिवशी भिंतीला पोट सुटलं. "मस्त पानी पिऊन राहिली," कृष्णराव समाधानाने म्हणाले. पाचव्या दिवशी ते चहा पीत असताना भिंत मोरासकट त्यांच्या पायाशी येऊन बसली.

त्यांनी मुलाला फोन लावला. "प्रविण, भित पडली."

"कायनं?"

"तराई केली."

प्रविण पोट धरून हसला. मग म्हणाला, "तसंही या दिवाळीले रजा नाही भेटून राहिली, बाबा. भितीचं मी कैलाशले सांगतो."

भिंत पडल्याचं कृष्णरावांना काही वाटलं नव्हतं. आता मात्र फार एकटं वाटलं.

कैलाश आला. त्याचं काम तीन दिवस चाललं. दोघं सोबत जेवले. कृष्णरावांनी त्याला ऑफिसातले सगळे जुने किस्से ऐकवले आणि तो चक्क हसलाही. तिसऱ्या दिवशी त्याने हत्यारं पिशवीत भरायला घेतली, तसे कृष्णराव त्याच्या मागेमागे फिरू लागले.

"कैलाश, अन् हे भित पुन्हा पडली तं? येशीन नं तू?"

"पडतच नाही नं काका! या टायमाले बाथरूमवाला हिरवा बोर्ड लावला. महिनाभर तराई करा, काही होत नाही. आता माहं काही कामच पडत नाही तुमाले."

कैलाश गेला. दारामागे आधीच भरून ठेवलेली बादली कृष्णरावांनी मोरीत रिकामी केली. (अर्धीच. अर्धी भिंतीवर मारून पाहिली होती. कैलाश पक्का कारागीर निघाला.)